नात्याला शपथ पुरत नाही

गेल्या पावसाळ्यात एका रात्री न्यू जर्सीहून माझ्या आतेभावाचा फोन आला. विन्या तिकडे वीस-बावीस वर्षे आहे, तिथला नागरिक झाला आहे, आणि नागरिक झाल्यामुळे त्याला एक दिवस ज्यूरीवर बसण्याचे बोलावणे आले. खटला एका म्हाताऱ्या बाईचा होता. शस्त्रक्रियेत डॉक्टरने हयगय केली आणि आपला पाय कायमचा अधू झाला, असे तिचे म्हणणे. विन्याची बायको डॉक्टर. ह्या खटल्यातल्या डॉक्टरची तिची ओळखदेख नाही, इस्पितळ वेगळे, गाव वेगळे. तरी न्यायाधीशाने रीतीप्रमाणे विचारले, "तुमच्या पत्नी डॉक्टर आहेत, तरी केवळ पुराव्यावरून निर्णय देणे तुम्हांला जमेल ना?"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारले.

"हो म्हणालो, दादा. नाही कसं म्हणणार? भरल्या कोर्टात उभं राहून 'माझ्याकडून न्याय होणार नाही' असं कोण सांगेल?"

बाईच्या वकिलाला विन्या नकोच होता. पण कारण न देता नावे गाळण्याची त्याची संख्या आधीच संपली होती. विन्या बसला, पाच दिवस सगळे ऐकले, आणि निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला.

"मग न्याय झाला की नाही?" मी आपले सहज विचारले. फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. शेवटी तो म्हणाला, "तेच मला अजून कळत नाही. साक्ष ऐकताना मध्येच मनात यायचं, उद्या हिलाही कुणी असंच पिंजऱ्यात उभं करील. मग तो विचार मी झटकून टाकायचो. पण झटकून टाकला म्हणजे गेला का?"

माझे मत असे की विन्याला तो प्रश्न विचारायलाच नको होता. त्याला सरळ घरी पाठवायला हवे होते. तो लबाड म्हणून नव्हे. माझ्या माहितीत त्याच्याइतका सरळ माणूस दुसरा नाही. पण ज्या घराचे पोट डॉक्टरकीवर चालते, त्या घरातल्या माणसाने डॉक्टरच्या हयगयीचा निवाडा करू नये, इतके साधे गृहीत धरायला कोर्टाने का कचरावे, हे मला समजत नाही.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, आपल्याकडे ज्यूरी कुठे उरली आहे की ऐन दिवाळीत हा बुवा तिचे पुराण लावून बसला? खरे आहे. मुंबईत नानावटी खटल्याच्या ज्यूरीने १९५९ साली आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटले. सेशन्स न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडले, हायकोर्टाने १९६० मध्ये दोषी ठरवले आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. त्यानंतर ज्यूरीवरचा लोकांचा विश्वास ओसरत गेला, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच राहिली नाही. परंतु अमेरिकेत आणि इंग्लंडात ती जिवंत आहे. आपली मुले-बाळे तिथे जाऊन तिच्यावर बसताहेत. आणि मुंबईतही एका कोपऱ्यात ती टिकून आहे. पारशी दांपत्यांच्या घटस्फोटाच्या कज्जात १९३६ च्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशाबरोबर त्याच समाजाचे प्रतिनिधी बसतात; पूर्वी सात असत, १९८८ पासून पाच. तिच्याकडे मी पुढे येईन. शिवाय निवडसमिती, परीक्षक, चौकशी-अधिकारी, सोसायटीच्या भांडणातले पंच, ही सगळी ज्यूरीचीच भावंडे आहेत.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. शाळा सांभाळून कादंबऱ्या लिहितो. कायदा मला वकिलाइतका कळत नाही. पण माणूस कागदावर उभा करायचा तर तो स्वतःला कसा फसवतो हे पाहावेच लागते, आणि ह्या विषयात मुख्य मुद्दा तोच आहे.

आपल्याकडची जुनी फौजदारी संहिता १८९८ ची. तिच्या २७८ व्या कलमात ज्यूररला कोणत्या कारणांनी हरकत घेता येईल ते मांडले होते, आणि पहिलेच कारण होते पक्षपात: 'गृहीत धरलेला किंवा प्रत्यक्ष'. हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला माणसाची पारख असली पाहिजे. प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करावा लागतो. गृहीत धरलेला सिद्ध करावा लागत नाही, नाते दाखवले की पुरे. त्याच कलमात पोलिसाचे काम करणारा, कोर्टाच्या नोकरीतला, अशांनाही हरकत होती. आणि एक गमतीची हरकत होती: ज्याने व्रत घेऊन संसाराची चिंता सोडली आहे, म्हणजे आपला संन्यासी, त्यालाही बाजूला सारता येत असे! ज्याचे कुणाशीच नाते उरले नाही तो खरे म्हणजे सर्वांत निःपक्षपाती. पण कायद्याला तोही नको. मला हे फार शहाणपणाचे वाटते. कायद्याला नात्यांवाचूनचा माणूस नको होता. बायकामुले, कर्ज, शेजार, भांडणे ठाऊक असलेला माणूस हवा होता. फक्त ह्या खटल्याशी त्याचे नाते नको, एवढेच.

इंग्लंडचा ब्लॅकस्टोन अठराव्या शतकात लिहून गेला की पक्षकाराशी नवव्या पिढीपर्यंतचे नाते असेल, त्याच खटल्यात पूर्वी पंच म्हणून काम केले असेल, पक्षकाराचा मालक, नोकर किंवा वकील असेल, तर तेवढ्यानेच ज्यूरर बाद. त्याला विचारायचे नाही, तपासायचे नाही. आपल्या आजीला हे लगेच उमगले असते. लग्न जुळवताना आपण मुलामुलीला समोर बसवून, "तुम्ही एकमेकांची मावसभावंडे, तरी चालेल ना?" असे विचारतो काय? बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच, असे जुने शास्त्र बोटांवर मोजून सांगत असे. तिथे मनाची परीक्षा नव्हती. मनाची परीक्षा घेता येत नाही हे ज्याने ओळखले, त्यानेच बोटे मोजायची रीत काढली.

आता ह्याच्या उलट बाजूचे म्हणणे. ते असे की माणूस शपथ घेतो, न्यायाधीश त्याच्या डोळ्यांत पाहून विचारतो, आणि मग त्याच्यावर विश्वास टाकणे हाच सभ्यपणा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये स्मिथ विरुद्ध फिलिप्स ह्या खटल्यात हेच म्हटले. हकिगत ऐकण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये खुनाचा खटला चालू असताना एका ज्यूररने अर्ज केला, कुठे? तर ज्या सरकारी वकिलाची कचेरी तो खटला चालवत होती, त्याच कचेरीत तपासनिसाची नोकरी मिळावी म्हणून. खटला चालवणाऱ्या वकिलांना हे निकालाआधी कळले, आणि निकाल लागेपर्यंत ते गप्प बसले. आरोपी दोषी ठरला. मागाहून सुनावणी झाली, न्यायाधीशाने त्या ज्यूररला विचारले, आणि ठरवले की त्याच्या मनावर काही परिणाम झाला नव्हता. सुप्रीम कोर्टातील बहुमत म्हणाले, अशी सुनावणी झाली ना, मग पुरे.

मी विचारतो, ज्याच्या हाती आपला नेमणुकीचा कागद आहे त्या साहेबाची बाजू पडावी असे किती उमेदवारांना वाटते? शाळेत हंगामी शिक्षक म्हणून पाच वर्षे काढलेल्या माणसाला हे विचारा! मी काढली आहेत. संस्थेचे चिटणीस वर्गात आले की माझा आवाज किती मऊ होई, ते मला त्या वेळी कधीच जाणवले नाही. जाणवले ते कायम झाल्यावर, जेव्हा तो मऊपणा अचानक गेला. त्या काळात कुणी मला शपथेवर विचारले असते की चिटणिसांच्या भीतीने तुमचे मत बदलते काय, तर मी छातीवर हात ठेवून "मुळीच नाही" म्हटले असते, आणि ते खोटे बोलणे नव्हते. मला ठाऊकच नव्हते.

पक्षपात ज्याच्या अंगात असतो त्याला तो दिसत नाही, आणि म्हणून त्याची साक्ष त्याच्याकडून घेणे व्यर्थ आहे. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे' असे बोलणाऱ्या बाईला आपण पक्षपात करतो असे थोडेच वाटत असते! तिला तो खरोखरच बाळ्या दिसतो. त्याच फिलिप्स खटल्यात न्यायमूर्ती ओ'कॉनर बाईंनी निकालाशी सहमत होऊनही वेगळे लिहिले, की काही प्रसंग असे असतात जिथे सुनावणी कामाची नाही: ज्यूरर फिर्यादी खात्याचाच नोकर निघाला, खटल्यातल्या कुणाचा जवळचा नातलग निघाला, किंवा त्या गुन्ह्याचा साक्षीदार निघाला, तर पक्षपात गृहीत धरावा. बाईंचे म्हणणे मला पटते. फक्त त्यांनी नोकराला धरले आणि उमेदवाराला सोडले, हे काही पटत नाही. नोकरी मिळालेल्या माणसापेक्षा नोकरी मागणारा अधिक वाकतो.

आणि नाते म्हटले की झुकते माप आपल्या बाजूलाच पडते, असेही नाही. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धेला मी परीक्षक होतो. आयोजकांचे नाव सांगत नाही. आमच्याच वर्गातली एक मुलगी स्पर्धेत होती, चार वर्षे माझ्या हाताखाली शिकलेली. मी आयोजकांच्या कानावर ते घातले, ते म्हणाले, "सर, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे." झाले! त्या विश्वासाच्या ओझ्याखाली मी तिला दोन गुण कमी दिले. तिसरा नंबर दीड गुणाने हुकला. लोक काय म्हणतील ह्या भीतीने मी एका पोरीवर अन्याय केला, आणि घरी येताना माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल मलाच अभिमान वाटत होता. पुढे बक्षीससमारंभात ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवताना दिसली, तेव्हा तो उतरला.

म्हणून गृहीत धरायचे ते 'हा आपल्या माणसाला सोडील' असे नव्हे. 'ह्याच्या हातात तराजू सरळ राहणार नाही', एवढेच. तो कुठल्या अंगाला कलेल ते सांगता येत नाही. भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत आहे तिला हे समजावून सांगायला नको. अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल ह्यांनी १८०७ मध्ये एरन बर ह्याच्यावरील राजद्रोहाचा खटला चालवला. तेव्हा त्यांनी ज्यूरीबद्दल असे सांगितले की दूरचा नातलग जरी असला, आणि मी पुराव्यावरूनच निर्णय देईन असे तो कितीही म्हणाला, तरी कायदा त्याच्यावर विसंबत नाही. आणि गंमत अशी की ज्या अध्यक्ष जेफर्सनना बर दोषी ठरायला हवा होता, ते मार्शल ह्यांचे दूरचे चुलतभाऊच लागत, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नसे!

इथे आपल्याकडचा माणूस रामशास्त्र्यांचे नाव काढतो. पेशव्यांचे अन्न खाऊन रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मग नोकरीने न्याय बिघडतो असे तुम्ही कसे म्हणता? मी म्हणतो, ती गोष्ट १७७३ ची. अडीचशे वर्षे झाली, आणि अजून आपण उदाहरण द्यायला तेच एक नाव घेतो, ह्यातच काय ते आले. शिवाय निकाल सांगून रामशास्त्री पुण्यात राहिले नाहीत; पद सोडून निघून गेले. पगार घेऊन मालकाविरुद्ध निकाल देता येतो, पण मग पगार उरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. सदर बाजारातून यादीने उचललेल्या बारा माणसांकडून रामशास्त्र्याची अपेक्षा करून कायदा रचणे म्हणजे उपासाच्या दिवशी वाढायला श्रीखंड ठेवून घरच्यांची परीक्षा पाहण्यासारखे आहे.

दुसरे एक कारण मला ह्याहून मोठे वाटते. न्यायाधीश निकाल लिहितो, कारणे देतो; त्याचा कल कुठे होता ते वरचे कोर्ट ओळीओळीतून शोधू शकते. ज्यूरी एक शब्द बोलते. आत काय झाले ते कुणी विचारू नये असा नियम आहे. अमेरिकेत १९८७ च्या टॅनर खटल्यात तक्रार अशी होती की काही ज्यूरर जेवणाच्या सुट्टीत दारू पीत आणि दुपारी कोर्टात पेंगत. तरी कोर्टाने म्हटले, निकालानंतर त्याबद्दल ज्यूररची साक्ष काढायची नाही. २०१७ मध्ये ह्या भिंतीला एक खिडकी पाडली गेली: एखादा ज्यूरर उघड वंशद्वेषाने बोलला असेल तर तेवढे ऐकून घ्यावे. पण बाकी भिंत तशीच आहे. ह्या नियमालाही कारण आहे. नाहीतर हरलेला प्रत्येक पक्ष ज्यूररांच्या घरी खेटे घालील. माझे एवढेच म्हणणे की मागचे दार जर तुम्ही कुलूप लावून बंद करणार, तर पुढच्या दाराशी तरी नीट पाहा. तिथे "येऊ ना?" "या, या" असे करून कसे चालेल?

इंग्लंडात २००३ च्या कायद्याने पोलीस आणि वकील ह्यांनाही ज्यूरीवर घेणे सुरू झाले. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे अशी तीन प्रकरणे एकदम आली. एकात ज्यूरर पोलीस होता, पण पोलिसांच्या साक्षीबद्दल काही वादच नव्हता. निकाल कायम राहिला. दुसऱ्यात सुईने जखमी झालेला पोलीस आणि ज्यूरीतला पोलीस एकाच विभागात काम केलेले, आणि वाद नेमका पोलिसाचे खरे की आरोपीचे हा. तो निकाल रद्द. तिसऱ्यात ज्यूरर सरकारी फिर्यादी खात्याचाच वकील. बिचाऱ्याने आपणहून पत्र लिहून कोर्टाला कळवले होते. कोर्टाने तरी बसवले. तोही निकाल रद्द. पाच लॉर्डांत तीन विरुद्ध दोन असे मत पडले. वाद कशाबद्दल आहे ते पाहून मग त्या वादाशी ज्यूररचे नाते मोजण्याची ही रीत मला योग्य वाटते.

येथवर जे माझ्याबरोबर आले, त्यांतले काही आता पुढे पळू लागतील. ते म्हणतील, नात्याचे गृहीत धरता, मग जातीचे का नाही? धर्माचे, भाषेचे, प्रांताचे का नाही? ब्राह्मणाच्या खटल्यात ब्राह्मण नको, मराठ्याच्या खटल्यात मराठा नको, मुसलमानाच्या नको मुसलमान. चहाच्या टपरीवर हे रोज ऐकू येते. निकालपत्र वाचण्याआधी निकाल देणाऱ्याचे आडनाव वाचले जाते. ह्या मंडळींशी माझे भांडण पहिल्या पक्षापेक्षा मोठे आहे.

पगार, कर्ज, रक्त, वैर, उमेदवारी ह्या गोष्टी त्या माणसाला त्या खटल्याशी बांधतात. आडनाव बांधत नाही. मुंबईच्या पारशी कज्ज्यांचेच पाहा. नवरा पारशी, बायको पारशी, आणि पाचही प्रतिनिधी पारशी. समाज लहान, सगळे एकमेकांना ओळखून. एक समाज म्हणजे पक्षपात असे धरले तर ते कोर्ट एक दिवस चालायचे नाही. उलट त्या कायद्याने समाज हाच आधार धरला, आणि दोन्ही पक्षांना कारण न देता काही नावे गाळण्याची मुभा दिली.

अमेरिकेने ह्या बाबतीत फार पापे केली. काळ्या लोकांना ज्यूरीवर बसू न देणारा वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा १८८० मध्येच सुप्रीम कोर्टाने मोडला; तरी पुढे शंभर वर्षे वकील कारण न देता नावे गाळण्याच्या सवलतीतून तेच करत राहिले. हा काळा, म्हणजे काळ्या आरोपीला सोडणार, चला बाहेर! १९८६ च्या बॅट्सन खटल्याने त्याला आडकाठी घातली. १९९४ मध्ये तोच नियम स्त्रियांनाही लागू झाला. कातडीवरून मन ओळखण्याची ही विद्या आणि माझी नाते मोजण्याची रीत एक नव्हे. पहिलीत माणूस काहीही करो, त्याची सुटका नाही. जन्मभर तो एका बाजूचा. दुसरीत तो ह्या एका खटल्यापुरता बाजूला होतो, उद्याच्या खटल्याला खुशाल बसतो.

पण एक शल्य मला टाळता येत नाही, आणि मराठी वाचक ते टाळू देणारही नाही. टिळकांचे काय?

१८९७ मध्ये नऊजणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. अठरा महिन्यांची सक्तमजुरी. १९०८ मध्ये सात युरोपियन, दोन हिंदी; सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी, मंडाले. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठीचे अक्षर येत नव्हते. विशेष ज्यूरी नेमण्याला टिळकांतर्फे आधीच हरकत घेतली होती. ती चालली नाही. एकवीस तासांवर टिळक बोलले, त्यातला कितीतरी भाग भाषांतर कुठे चुकले हे समजावण्यात गेला. दोन्ही वेळा मतांची वाटणी अगदी कातडीच्या रेघेवर पडली. आता जर मी म्हणतो की जन्मावरून पक्षपात धरू नये, तर ह्या सात गोऱ्यांना मी कोणत्या तोंडाने नाकारू?

ह्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. माझे उत्तर असे की ते गोरे होते म्हणून मी त्यांना नाकारत नाही. एखाद्या गोऱ्या व्यापाऱ्याचा खून झाला असता आणि आरोपी दुसरा गोरा व्यापारी असता, तर बसोत बापडे. पण आरोप राजद्रोहाचा होता. म्हणजे ज्या राज्यामुळे त्यांच्या पेढ्या, कचेऱ्या, बंगले चालत होते त्या राज्याविरुद्ध लोकांची मने बिघडवल्याचा. त्या आरोपात फिर्यादी पक्ष तेच होते. टिळकांचे म्हणणे पसरले असते तर त्यांचे घर उठणार होते. हे नाते रंगाचे नव्हे, हितसंबंधाचे आहे, आणि ते गृहीत धरायला कुणाच्या मनात शिरावे लागत नाही. शिवाय दोष एकेका माणसाच्या आधी यादीचा होता. जिथे नऊपैकी सात एकाच घरचे निघावेत अशी यादी सरकारच करते, तिथे एकेकाला "तुम्ही निःपक्षपाती आहात ना?" विचारणे हे नाटक झाले. अमेरिकेत १९५५ मध्ये एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराच्या खुनाचा खटला मिसिसिपीत बारा गोऱ्या पुरुषांपुढे चालला, तासाभरात 'निर्दोष'. तिथेही काळ्यांना मतदारयादीत येऊ दिले जात नसे, मग ज्यूरीच्या यादीत ते येणार कुठून! अशा ठिकाणी औषध यादीला हवे.

हितसंबंधाच्या ह्या नात्याबद्दल अमेरिकेचे कोर्टही चुकले. १९४७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे चिटणीस डेनिस ह्यांचा खटला वॉशिंग्टनमध्ये चालला. ज्यूरीत सातजण सरकारी नोकर. त्या वेळी प्रत्येक सरकारी नोकराच्या निष्ठेची चौकशी चालू होती. कम्युनिस्टाला 'निर्दोष' म्हणून दुसऱ्या दिवशी कचेरीत तोंड दाखवायचे कसे? सुप्रीम कोर्टाचे बहुमत म्हणाले, नोकर आहेत एवढ्यावरून पक्षपात गृहीत धरता येत नाही. ब्लॅक आणि फ्रँकफर्टर ह्या दोघांनी विरोध केला. मी त्या दोघांच्या रांगेत, सर्वांत मागे, उभा आहे.

आणि १९०८ च्या खटल्यात आणखी एक नाते होते. न्यायासनावर दावर बसले होते. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांचे बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते, आणि न्यायमूर्ती तय्यबजींपुढे त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता. अकरा वर्षांनी त्याच दावरांनी न्यायाधीश म्हणून जामीन नाकारला. मी वर सांगितलेली वक्तृत्वस्पर्धा मला ह्या ठिकाणी आठवते. दावरांच्या मनात काय होते ते देव जाणे. पण जुन्या अशिलाला आपण झुकते माप दिले असे कुणी म्हणू नये, म्हणून हात अधिक जड झाला नसेल, असे कोण सांगेल? १९५७ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने माणकलाल खटल्यात म्हटले की चौकशी मंडळाच्या अध्यक्षाने पूर्वी एकदा जरी एका पक्षाचे वकीलपत्र घेतले असले, तरी त्याने तिथे बसायला नको होते. प्रत्यक्ष पक्षपात झाला की नाही हे पाहण्याची गरज नाही. (मात्र त्या गृहस्थांनी हरकत वेळेवर घेतली नाही म्हणून ते हरले. आपल्यातल्या भिडस्तांनी हे लक्षात ठेवावे.) पुढे १९६९ मध्ये काश्मीरच्या वनखात्याच्या निवडीचे प्रकरण आले. निवडमंडळावरचा एक सभासद स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तेवढा बाहेर गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या वेळी बसून राहिला. कोर्टाने ती निवड रद्द केली.

एक व्यावहारिक तक्रार उरते: असे गाळत गेलात तर लहान गावात माणसे मिळायची नाहीत. मिळतात. चार दिवस उशीर होईल, शेजारच्या तालुक्यातून आणावी लागतील. म्हाताऱ्या बाईचा पाय जन्माचा गेला आहे. तिच्यासाठी आणखी एक दिवस यादी वाचायला कोर्टाला काय झाले?

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन झाला, तेव्हा मी विन्याला हे सगळे ऐकवले. तो म्हणाला, "दादा, तुझं म्हणणं बरोबर असेल तर तो निकाल चुकला म्हणायचा?" मी म्हटले, निकाल कदाचित अगदी बरोबर असेल. पण त्या बाईला ते कधी कळणार नाही, आणि तुलाही नाही. तो हसला नाही. आत वहिनींना हाक मारून म्हणाला, "दादा काय म्हणतोय ऐक." वहिनी फोनवर आल्या आणि पहिलेच वाक्य बोलल्या, "भाऊजी, पण डॉक्टरची चूक नव्हतीच हो त्यात!" खटल्याचा एक कागद त्यांनी पाहिलेला नव्हता.

आमच्या घरी सध्या वेगळाच खटला उभा आहे. यंदाच्या कथास्पर्धेचे परीक्षकाचे पत्र मला आले, आणि सोबतच्या यादीत मेव्हणीच्या मुलाचे नाव निघाले. मी पत्र परत पाठवले. तेव्हापासून स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा जास्त येतो आहे. चकल्यांचा डबा वरच्या फळीवर गेला आहे, आणि मला शिडी कुठे ठेवली आहे ते कुणी सांगत नाही.